‘पयलोच बरो होतो’ म्हणण्याआधी

गेल्या चतुर्थीला आमच्या घरी मुंबईहून आलेली पाच मुलं होती. पाऊस कोसळत होता, अंगणात पाऊल टाकायची सोय नव्हती आणि दोन आरत्यांमधला वेळ कसा काढायचा हा मोठ्यांपुढचा प्रश्न होता. कुणीतरी टीव्हीवर ‘हनुमान’ लावला, २००५ सालचा. मुलं गप्प बसली. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ‘रिटर्न ऑफ हनुमान’ शोधून काढला, २००७ सालचा दुसरा भाग. या वेळी ती हसून लोळायला लागली. मागे वाती वळत बसलेल्या आजीच्या कपाळाला मात्र आठी पडली.

“देवाक शाळेत कित्याक घातल्यानी?”

सात वर्षांच्या नातवाने समजावून सांगितलं की तो देव आता माणसाच्या पोटी जन्माला आलाय, म्हणून शाळेत जावं लागतं. आजीला ते पटलं नाही. पिक्चर संपल्यावर तिने वाती डब्यात भरल्या आणि निकाल दिला, “पयलोच बरो होतो.” नातू म्हणाला, दुसराच भारी होता. वाद जेवणाच्या पानापर्यंत गेला आणि शेवटी दोघांनी मला पंच नेमलं. मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोलून सुटका करून घेतली. खरं उत्तर द्यायला जरा जागा हवी होती, म्हणून हे लिहितो आहे.

हा वाद एकट्या आमच्या घरचा नाही. मुलांच्या कार्टून पिक्चरचा दुसरा भाग आला की घरोघरी हेच ऐकू येतं. ‘पहिल्याची सर नाही.’ त्यात आपल्याकडे हा प्रश्न नुसत्या मताचा नसतो, खिशाचाही असतो. कुडाळहून चार माणसं पणजीला मोठ्या पडद्यावर पिक्चर बघायला निघाली की गाडीभाडं, तिकिटं, खाणं आणि अख्खा रविवार जातो. मग परतीच्या वाटेवर सावंतवाडी यायच्या आत बाप म्हणतो, “पैसे फुकट गेले,” आणि मागच्या सीटवरचं मूल हिरमुसतं, कारण त्याला पिक्चर आवडलेला असतो. माझं सांगणं एवढंच आहे की दुसऱ्या भागाची पहिल्याशी तुलना जरूर करा, पण माप बरोबर घ्या. ते माप आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. फक्त ते आपण जत्रेत वापरतो आणि थिएटरच्या दारात विसरून येतो.

जत्रेतला दशावतार आठवा. रात्री उशिरा पेटी आणि पखवाज सुरू होतात, आडदसर म्हणजे पूर्वरंग होतो, संकासुर येऊन हसवून जातो आणि मग आख्यान लागतं. त्यातली गोष्ट कुणाला नवी असते? अभिमन्यू चक्रव्यूहात मरणार हे पुढच्या रांगेत पेंगणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं. संवाद लिहिलेले नसतात. आज कुठलं आख्यान, कुणी काय करायचं हे नट आपापसात ठरवतात आणि रंगमंचावर उभे राहून बोलतात. म्हणजे आपण दरवर्षी जे बघतो तो एका अर्थी त्याच गोष्टीचा नवा भाग असतो. तरी ‘हे तर गेल्या वर्षी पाहिलं’ म्हणून कुणी उठून जात नाही. लोक बघतात की यंदाच्या नारदाला उत्तर सुचतं का, राजाचा दरारा आहे का, राणीच्या विलापात पाणी आहे का. नेरूरच्या बाबी कलिंगणांना पाहिलेल्यांनी पुढे त्यांचे पुत्र ‘लोकराजा’ सुधीर कलिंगण यांनाही पाहिलं आणि दोघांची तुलनाही केली असणार. पण ती तुलना मुलगा बापाची नक्कल करतो का, अशी नव्हती. तो स्वतःचं काय आणतो, याची होती.

आणखी एक शब्द आपल्याला दशावताराने दिला आहे, ट्रिकसीन. अलीकडे नाटकाच्या बोर्डावर ‘ट्रिकसीनयुक्त’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. धूर, आग, प्रकाश, हवेतून अवतरणारे देव. लोकांना ते आवडतं, मलाही आवडतं. पण जाणता प्रेक्षक नाटक सुटल्यावर चहाच्या टपरीवर एक प्रश्न विचारतोच. ट्रिकसीन काढून टाकले तर मागे काय उरतं? कार्टूनच्या दुसऱ्या भागालाही हाच प्रश्न विचारायचा आहे. दुसऱ्या भागात जग मोठं होतं, राक्षस मोठा होतो, रंग वाढतात, पात्रं दुप्पट होतात. हा सगळा ट्रिकसीन झाला. तो बाजूला ठेवून काय उरतं ते बघा.

आता आजी आणि नातवाच्या खटल्याकडे येऊ. ‘हनुमान’चे दिग्दर्शक व्ही. जी. सामंत आणि मिलिंद उके. गोष्ट आपली सगळ्यांची पाठ असलेली. अंजनीचं बाळ सूर्याला फळ समजून झेप घेतं, इंद्राचं वज्र लागतं, पुढे खोड्यांना कंटाळलेले ऋषी शाप देतात आणि त्याला स्वतःच्या बळाचा विसर पडतो. समुद्राकाठी कुणीतरी आठवण करून देईपर्यंत हा विसर राहतो. लहान मुलासाठी यापेक्षा मोठी गोष्ट कुठली? बळ आत आहे, पण ठाऊक नाही, आणि मोठ्या माणसाने योग्य वेळी ते सांगायचं. पडद्यावरची चित्रं आजच्या मुलांना साधी वाटतील, पण गोष्टीचा कणा ताठ आहे. हजारो वर्षं सांगून सांगून तिच्यातलं फोल कधीच पाखडून गेलेलं आहे.

दुसऱ्या भागाच्या दिग्दर्शकाचं नाव ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं, अनुराग कश्यप. त्याच २००७ साली मुंबईच्या बॉम्बस्फोटांवरचा त्यांचा ‘ब्लॅक फ्रायडे’ प्रदर्शित झाला होता आणि वर्ष संपताना मुलांसाठी ‘रिटर्न ऑफ हनुमान’ आला. त्यांच्यापुढची अडचण ओळखा. पहिल्या भागाने रामायण वापरून टाकलेलं. पुढची गोष्ट पोथीत नाही, ती बनवावी लागणार. मग हनुमान माणसाचं मूल होऊन जन्म घेतो, मारुती नावाने गावातल्या शाळेत जातो, दांडग्या पोरांच्या तावडीत सापडलेल्या मुलाचा दोस्त होतो. पुढे राहू-केतूंशी गाठ पडते. देवलोकातले विनोद थेट आजचे आहेत.

माझा निकाल विचाराल तर गोष्ट म्हणून पहिला भाग सरस. दुसऱ्यात विनोद आणि गमतीजमती इतक्या आहेत की गोष्ट मध्येच हातातून निसटते. पण दुसऱ्याने एक गोष्ट पहिल्यापेक्षा धीटपणे केली. त्याने देवाला मुलाच्या बाकावर आणून बसवलं. आजीला मारुती देवळात हवा होता, कारण तिचं नातं भक्तीचं. नातवाला तो वर्गात हवा होता, कारण त्याच्या वर्गात दांडगी पोरं आहेत आणि आजीच्या वर्गात नाहीत. दोघंही बरोबर होती. फक्त एकाच वजनाने दोन वेगळे जिन्नस तोलत होती.

पहिलाच बरा वाटतो याची काही साधी कारणंही आहेत. ती लक्षात ठेवली तर बरेच वाद घरी मिटतील.

एक कारण आंब्याच्या कलमाकडून शिका. ज्या वर्षी हापूसचं कलम लगडून जातं, त्याच्या पुढच्या वर्षी ते बहुधा कमी धरतं. म्हणून कुणी कलम बिघडलं असं म्हणत नाही. पिक्चरचंही असंच. पडलेल्या पिक्चरचा दुसरा भाग सहसा निघतच नाही. जो पहिला भाग विलक्षण जमून आला, त्याचाच दुसरा निघतो. म्हणजे दुसऱ्याची तुलना नेहमी कलमाच्या सगळ्यात चांगल्या वर्षाशी होते. मग तो थोडा उणा पडला तर त्यात आश्चर्य काय?

दुसरं कारण म्हणजे नवलाई. मासा असून बोलतो, खेळणी असून माणूस खोलीबाहेर गेला की हलतात, या कल्पनेचा पहिला झटका एकदाच बसतो. दुसऱ्या भागाला तो झटका पुन्हा देता येत नाही. त्याला दुसरं काहीतरी द्यावं लागतं.

तिसरं कारण आपण स्वतः. पहिला भाग पाहिला तेव्हा आपण लहान होतो, किंवा आपलं मूल मांडीवर मावत होतं. ‘पहिल्याची मजाच वेगळी’ म्हणताना बऱ्याचदा आपण त्या दिवसांची आठवण काढत असतो. पिक्चरचा त्यात दोष नाही.

ही सूट देऊन झाली की मग कडक व्हा. दुसऱ्या भागाला तीन प्रश्न विचारा. पुढे जायला काही कारण होतं का? पात्र वाढलं की नुसता पसारा वाढला? आणि पहिल्या भागाने जे कमावलं ते दुसऱ्याने राखलं का?

या तिन्ही प्रश्नांना उत्तर देणारं अलीकडचं चांगलं उदाहरण ‘इनसाइड आउट’चं आहे. पहिला भाग २०१५चा, दिग्दर्शक पीट डॉक्टर. रायली नावाची अकरा वर्षांची मुलगी आईबापांबरोबर गाव सोडून मोठ्या शहरात येते आणि गोष्ट घडते ती तिच्या डोक्यात. आनंद, दुःख, भीती, राग, किळस ही पाच पात्रं तिथे बसून तिचा कारभार चालवतात. एका प्रसंगात आनंद जमिनीवर खडूने वर्तुळ काढते आणि दुःखाला सांगते, तू याच्या आत उभी राहा, बाहेर यायचं नाही. आपण घरी नेमकं हेच करतो ना? “रडायचं नाही” म्हणजे ते खडूचं वर्तुळच. पुढे रायलीचा लहानपणीचा काल्पनिक सवंगडी रडवेला होतो, तेव्हा आनंदचे सगळे विनोद फुकट जातात. दुःख मात्र त्याच्या शेजारी नुसती बसते, त्याचं ऐकून घेते आणि तो सावरतो. कुणाला भेटायला गेल्यावर काय करावं हे माझ्या आईने मला जन्मभर सांगितलं, ते या प्रसंगात दोन मिनिटांत आहे.

दुसरा भाग २०२४ला आला, दिग्दर्शक केल्सी मान. रायली आता तेरा वर्षांची आहे. डोक्यात नवी मंडळी येतात. चिंता, मत्सर, कंटाळा, लाज. पुढे जायला कारण होतं का? होतं. मूल तेरा वर्षांचं होणं हेच कारण. अकरा वर्षांच्या मुलीला दुःख पुरतं, तेरा वर्षांच्या मुलीला ‘लोक काय म्हणतील’ सुरू होतं. शेवटाकडे रायली हॉकीच्या सामन्यात बाजूला बसवलेली असते. छाती धडधडते, श्वास पुरत नाही. आत नारिंगी रंगाची चिंता यंत्रापाशी इतक्या वेगाने फिरते आहे की तिचं वादळ झालंय, आणि त्या वादळाच्या मधोमध ती स्वतः थिजून उभी आहे, डोळ्यांत पाणी. वाईट कुणीच नाही. चिंतासुद्धा मुलीचं भलं करायलाच निघाली होती. दहावीच्या आणि स्कॉलरशिपच्या घरांतल्या आईबापांनी हा प्रसंग मुलांबरोबर बसून बघावा आणि नंतर निदान तो दिवस तरी टक्क्यांचा विषय काढू नये.

हा दुसरा भाग पहिल्याइतका नवा नाही. पण त्याने पहिल्याचं मोल राखलं. पहिल्या भागात कळलं की दुःखालाही जागा हवी. दुसऱ्यात कळतं की मुलाला नुसतं ‘मी चांगली आहे’ एवढंच घोकायला लावूनही चालत नाही. धागा तोच, वीण पुढची.

‘टॉय स्टोरी’चंही असंच झालं. १९९५च्या पहिल्या भागात वुडी या कापडी बाहुल्याला भीती असते की नवं खेळणं आलं, आता माझं काय? १९९९च्या दुसऱ्या भागात भीती एक पायरी वर चढते. खेळणं बदलणार नाही, पण मूलच मोठं होणार. तेव्हा काय? आणि २०१०च्या तिसऱ्या भागात ते मूल खरंच कॉलेजला निघतं. गंमत म्हणजे दुसरा भाग आधी नुसत्या व्हिडिओ कॅसेटसाठी बेतला होता. मग तो मोठ्या पडद्यावर न्यायचं ठरलं, जमत नाही असं दिसल्यावर करणाऱ्यांनीच गोष्ट मोडून नव्याने बांधली आणि साधारण नऊ महिन्यांत पिक्चर उभा केला. कष्ट कुठे घेतले, ते पडद्यावर दिसतं.

उलट ‘मोआना’ पाहा. २०१६च्या पहिल्या भागात किनारा सोडून जायची बंदी असलेली बेटावरची मुलगी समुद्रात होडी घालते. किनारपट्टीच्या आपल्या मुलांना ती जवळची न वाटली तरच नवल. २०२४चा दुसरा भाग मुळात घरी बघायच्या मालिकेसाठी बनत होता, नंतर त्याचा पिक्चर केला. पहिल्याची गाणी रचणारे लिन-मॅन्युएल मिरांडा दुसऱ्याला नव्हते. समुद्र मोठा झाला, होडीत माणसं वाढली, पण मुलीच्या मनातला पेच पहिल्याइतका धारदार राहिला नाही. तरी जगभरात त्याने अब्ज डॉलरच्या वर गल्ला जमवला. म्हणून सांगतो, गल्ल्यावरून दुसरा भाग तोलू नका. तो गल्ला बराचसा पहिल्या भागाच्या पुण्याईवर जमतो. आईबाप तिकीट काढतात ते मागच्या आठवणीवर.

इथे एक फरक मनात पक्का ठेवा. मालिका वेगळी आणि दुसरा भाग वेगळा. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुस्तकामागून पुस्तकात तोच राहिला आणि आपल्याला तो तसाच हवा होता. छोटा भीमही वाढत नाही. त्यात चूक काहीच नाही, रोजच्या पेजेसारखं ते आहे. रोज वेगळी पेज कुणी मागत नाही. पण जो पिक्चर ‘भाग दोन’ म्हणून पाच-सात वर्षांनी वाजतगाजत येतो, दप्तरावर, डब्यावर, छत्रीवर त्याची चित्रं येतात, त्याने वाढदिवसाचं जेवण घालायला हवं. पेज वाढून वाढदिवस साजरा करणाऱ्याला जाब विचारायचा आपल्याला हक्क आहे.

आता थोडं कामाचं सांगतो.

मोठ्या पडद्यावर दुसरा भाग दाखवायचा बेत असेल तर आधी घरी पहिला दाखवा, आणि त्याच आठवड्यात दाखवा. मुलाचं वय चार-पाच वर्षांनी वाढलेलं असतं, पहिला त्याला धड आठवत नसतो. पहिला घरी बघून दुसऱ्याची ओढ लागली नाही तर पणजीची फेरी वाचली. दुसरा काही महिन्यांनी घरी बघता येईल.

तिकिटावरचं प्रमाणपत्र वाचा. नोव्हेंबर २०२४पासून यूए या वर्गात ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील असे वेगळे गट छापून येतात. ‘कार्टून आहे, काय होतंय’ म्हणून तीन वर्षांच्या बाळाला काळोखात राक्षसापुढे बसवू नका. पहिला भाग सौम्य होता म्हणून दुसराही असेल, असं गृहीत धरू नका. पात्रांबरोबर गोष्टीचं वयही वाढलेलं असतं.

बाहेर पडल्या पडल्या आपला निकाल सांगू नका. बापाने ‘बकवास’ म्हटलं की मुलाचं मत तिथेच मिटतं. पुढच्या वेळी ते तुमच्या तोंडाकडे बघून मत बनवतं. आधी त्याला विचारा, तुला कुठला जास्त आवडला आणि का? ‘का’ला उत्तर यायला वेळ लागेल, झारापच्या पुढे येईपर्यंत थांबा. मुलाने दुसरा चांगला म्हटला तर खोडून काढू नका. आपलं मत सांगा, पण कारणासकट. सात वर्षांचं मूल कारण देऊन मत मांडायला शिकलं तर तिकिटाचे पैसे वसूल झालेच.

आणि घरी आल्यावर त्याला आजीसमोर बसवा. पिक्चर आजीला सांग म्हणावं, आपल्या भाषेत, पाच मिनिटांत. ही माझी सगळ्यात खात्रीची कसोटी आहे. पिक्चरमध्ये गोष्ट असेल तर मूल ती सांगतं. ‘म्हणून’, ‘पण’, ‘तरी’ असे शब्द त्याच्या तोंडी येतात. नुसता ट्रिकसीन असेल तर ‘मग धाडकन, मग धुडूम, मग तो उडाला’ एवढंच येतं. आमच्या नातवाने दुसऱ्या हनुमानातली दांडग्या पोरांची गोष्ट सुरेख सांगितली आणि राहू-केतूपाशी आल्यावर नुसते हातवारे केले. माझ्या निकालाची निम्मी कारणं मला तिथेच मिळाली. शिवाय इंग्रजी-हिंदीतून पाहिलेला पिक्चर पोराच्या तोंडून मालवणीत उतरला, हा नफा वेगळाच.

या कसोटीची शाळा आपल्या दारात आहे. कुडाळला लागून पिंगुळी. तिथल्या गुढीपूरमधल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्या जिवंत ठेवल्या. परशुराम गंगावणे यांनी आपल्या गोठ्याचं संग्रहालय केलं, ठाकर आदिवासी कला आंगण. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बाहेरगावचे पाहुणे वाट वाकडी करून तिथे येतात आणि कुडाळातली किती मुलं तिथे जाऊन आली आहेत हे मोजायला बसलो तर आपल्याला मान खाली घालावी लागेल.

चित्रकथी म्हणजे सुट्या कागदांवरची चित्रं. एका कथेच्या संचाला पोथी म्हणतात. वीणा, हुडूक आणि टाळ यांच्या साथीवर कथेकरी एकेक चित्र पुढे करतो आणि गातो, सांगतो. मोठमोठे डोळे, बाजूने दिसणारे चेहरे, हातात बाण. आता हिशेब करा. पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रं सरकतात. दीड तासाच्या पिक्चरला १,२९,६०० होतात. हाताने काढणारे एकेक चित्र दोनदा वापरतात असं धरलं तरी ६४,८०० चित्रं लागतात. पोथीत तीस-चाळीस असतात. पण कथेकऱ्याचा आवाज चढला की त्या कागदावरचा रथ पळायला लागतो. चित्र हलतं ते बघणाऱ्याच्या डोक्यात. ज्या मुलाने हे एकदा अनुभवलं, त्याला पुढे ६४,८०० चित्रांचा थाट दाखवूनही रिकामी गोष्ट गळ्यात मारता येणार नाही.

हे शहाणपण लवकरच लागणार आहे. २०२५च्या जुलैमध्ये ‘महावतार नरसिंह’ हा कार्टून पिक्चर आला आणि गावोगावचे लोक लेकरांना घेऊन तो पाहून आले. करणाऱ्यांनी पुढचे भागही जाहीर केले आहेत आणि त्यात पहिलं नाव आहे परशुरामाचं, २०२७साठी. मग राम, कृष्ण, कल्की अशी रांग थेट २०३७पर्यंत. दहा अवतारांची मालिका ही कल्पना कोकणाला कुणी बाहेरून येऊन सांगावी असं नाही. आपल्या जत्रा त्यावरच उभ्या आहेत. पण परशुराम म्हटला की आपण भावनेच्या भरात जाणार, आणि बाहेर पडून एकतर डोक्यावर घेणार किंवा ‘नरसिंहच बरा होता’ म्हणणार. तेव्हा तुमच्या मुलाजवळ ते तीन प्रश्न असू द्या.

तर माझं आवाहन साधं आहे. येत्या सुट्टीत एखाद्या रविवारी पणजीचा बेत पुढे ढकला आणि मुलांना पिंगुळीला घेऊन जा. आधी विचारून घ्या, म्हणजे बाहुल्यांचा किंवा चित्रकथीचा खेळ बघायला मिळेल. कलाकारांना जे द्यायचं ते हात आखडता न घेता द्या. घरी आल्यावर मुलांपुढे दहा कोरे कागद ठेवा आणि सांगा, तुला आवडलेल्या पिक्चरचा पुढचा भाग काढ. दहाच चित्रं, आणि मग ती आजीला सांगायची. मोबाईल हातात द्यायचाच असेल तर काड्यापेटीतल्या काड्या थोड्या थोड्या सरकवून फोटो काढायला लावा. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली ‘आगकाड्यांची मौज’ हा पिक्चर अशाच काड्यांवर केला होता.

आमच्याकडे हा प्रयोग झाला. नातवाने तिसरा हनुमान काढला. त्यात मारुती शाळा सोडून आमच्या गावच्या देवळात परत येतो, पण मधल्या सुट्टीत दांडग्या पोरांना बघायला जातो. आजीने दहाही कागद चष्मा लावून पाहिले. पयल्यापेक्षा बरो की नाय, ते काही बोलली नाही. “फुडे काय झाला?” एवढंच तिने विचारलं. दुसरा भाग पास की नापास, हे त्याच प्रश्नावर ठरवा.